समुपदेशकांची मागणी वाढली, शिकण्याचे रस्ते मात्र बंद : मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाचा हिशेब

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. निकालात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांतली एक अशी की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती नेमली पाहिजे. शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लास, वसतिगृहे सगळेच यात आले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर वंचित विद्यार्थ्यांशी कर्मचाऱ्यांनी कसे वागावे, यासाठी प्रशिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले.

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा निर्णय आला. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ खाली येणारे विषय यापुढे दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत आणि जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून अशा अभ्यासक्रमांना नवे प्रवेश नाहीत. त्या विषयांत मानसशास्त्र आहे.

म्हणजे एका महिन्यात देशाला हजारो समुपदेशक लागणार हे ठरले, आणि पुढच्याच महिन्यात समुपदेशक होण्याचा सर्वांत स्वस्त रस्ता बंद झाला. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी झाले, त्यांचा आपसात संबंध नाही. पण आपल्या वस्तीतल्या बी.ए. मानसशास्त्र झालेल्या मुलीला दोन्ही एकदमच भोगावे लागतात.

इग्नूचे मानसशास्त्रातील एम.ए. अनेक वर्षे कोणाच्या कामी येत होते ते आठवा. जिल्हा परिषदेचे शिक्षक, परिचारिका, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया, दिवसा दुकानात किंवा कॉल सेंटरमध्ये काम करणारी मुले. शुल्क काही हजारांत, नोकरी सोडायची गरज नाही, शहरात खोली घ्यायची गरज नाही. दूरशिक्षणाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही, हे आधी मान्य करू. समोर बसलेल्या माणसाचे ऐकायचे कसे, हे टपालाने आलेल्या पुस्तकांतून पुरते शिकता येत नाही. इग्नूच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक, इंटर्नशिप आणि प्रकल्प होता, पण त्याचा दर्जा केंद्रागणिक बदलत होता. तरीही प्रश्न उरतो. एक दार बंद करताना त्याच शुल्कात बसता येईल असे दुसरे दार कुठे उघडले? नियमित विभागांतल्या जागा वाढवण्याची घोषणा त्या निर्णयासोबत आली नाही.

तिसरा बदल एम.फिल.चा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.फिल. ही पदवीच रद्द झाली. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार होण्याचा मुख्य मार्ग तोच होता : एम.ए. नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली. गोंधळ लक्षात आल्यावर जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली. दरम्यान भारतीय पुनर्वसन परिषदेने, म्हणजे आपण ज्याला आरसीआय म्हणतो तिने, क्लिनिकल सायकॉलॉजीचे एम.ए. आणि साय.डी. असे दुसरे अभ्यासक्रम पुढे आणले आहेत.

या सगळ्यात प्रवेश घेणाऱ्या मुलाने नेमके काय पाहायचे, ही या लेखाची मुख्य बाब आहे.

पाटीवर काय लिहिता येते

मानसशास्त्राच्या सगळ्या पदव्या सारख्या नसतात, ही गोष्ट आपल्याकडे प्रवेश झाल्यावर कळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिली आहे आणि ती आरसीआयच्या मान्यतेशी बांधलेली आहे. आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असेल तरच त्या नावाने काम करता येते. नोंदणी नसताना काम करणाऱ्याला १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम ऐकून हसू येईल, पण नोकरीच्या मुलाखतीत नोंदणी क्रमांक विचारला की हसू मावळते.

समुपदेशकाचे तसे नाही. शाळेत, महाविद्यालयात, कंपनीत, स्वयंसेवी संस्थेत समुपदेशक म्हणून काम करायला आरसीआयची नोंदणी लागत नाही. न्यायालयाच्या सूचनेतही 'समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्य' असे तीन पर्याय आहेत. २०२१ च्या कायद्याने क्लिनिकल वगळता बाकीचे मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय व मनोचिकित्सा क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते यांना आपल्या कक्षेत घेतले आहे, त्यामुळे पुढे त्यांचीही नोंदवही होणार. आज नियमित पद्धतीने, पुरेशा प्रात्यक्षिकांसह झालेले एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. उद्या त्या नोंदवहीत बसण्याची शक्यता जास्त. सहा आठवड्यांचे 'सर्टिफाइड कौन्सेलर' किंवा 'हिप्नोथेरपी मास्टर' कोर्स मात्र कुठेच बसणार नाहीत. अशा कोर्सच्या जाहिराती आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, कधी कधी आपलेच कार्यकर्ते त्या फिरवतात. त्यात पंधरा-वीस हजार घालवू नका.

एम.एस.डब्ल्यू.चा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या समाजातली बरीच मुले समाजकार्याकडे आधीच वळलेली आहेत आणि 'मानसशास्त्र मिळाले नाही म्हणून एम.एस.डब्ल्यू.' अशी खंत बाळगतात. न्यायालयाच्या सूचनेत त्यांची जागा आहे, मात्र तिथे बाल व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण दाखवता आले पाहिजे. एम.एस.डब्ल्यू. करताना वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य हे विशेषीकरण आणि रुग्णालयातले क्षेत्रकार्य घेतले, तर ते दाखवता येईल.

दोन पत्रे हातात आली तर

समजा, नांदेडची एक मुलगी आहे. मानसशास्त्रात बी.ए. वडील रिक्षा चालवतात, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. जूनमध्ये तिला दोन ठिकाणांहून होकार येतो. एक पुण्याच्या खासगी विद्यापीठाचा, 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी'. माहितीपत्रक गुळगुळीत, फोन करणारी व्यक्ती गोड बोलणारी आणि अट अशी की सात दिवसांत पंचवीस हजार भरा, नाहीतर जागा जाईल. दुसरा होकार सरकारी विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचा. तिथून गोड फोन येत नाही. संकेतस्थळावर यादी लागते आणि ती पाहायची राहिली तर आपणच जबाबदार. तिसरीकडे, सीयूईटी-पीजीतून दिलेल्या एका केंद्रीय संस्थेत ती प्रतीक्षायादीत आहे.

घरचे काय म्हणतील ते आपल्याला माहीत आहे. 'क्लिनिकल' हा शब्द डॉक्टरच्या जवळचा वाटतो. पुणे म्हणजे पुणे. कर्ज काढू, पण चांगले शिकवू. ही भावना खोटी नाही. मुलीसाठी दागिना गहाण ठेवणारी आई आपल्याकडे घरोघरी आहे, आणि म्हणूनच या पंचवीस हजारांचा नीट विचार व्हायला हवा.

पहिला प्रश्न एकच : या विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमाला, या सत्रासाठी, आरसीआयची मान्यता आहे का? मान्यता संस्थेला सरसकट मिळत नसते. ती अभ्यासक्रमाला, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक जागांसाठी मिळते. पदवीच्या नावात 'क्लिनिकल' शब्द घालायला कोणी अडवत नाही. मान्यता नसेल, तर दोन वर्षांनी हातात येणारी ती पदवी आणि सरकारी विभागातले साधे एम.ए. नोंदणीच्या दृष्टीने एकाच पायरीवर उभी राहतात. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. तिथे संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, जागा आणि मुदत अशा चारही गोष्टी पाहायच्या. फोनवरचा माणूस 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाला, तर मान्यता नाही असे समजायचे.

आता पैसे. अंदाजी आकडे धरू. खासगी विद्यापीठाचे शुल्क वर्षाला पावणेदोन लाख आणि पुण्यात राहणे-जेवणे एक लाख वीस हजार. दोन वर्षांचे पाच लाख नव्वद हजार. सरकारी विभागात उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क निघते. उत्पन्न जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. राहण्याचा तोच खर्च धरला, तर घरातून वर्षाला साठ हजार, म्हणजे दोन वर्षांत एक लाख वीस हजार. पावणेपाच लाखांचा फरक. रिक्षावाल्या बापाच्या घरात तो फरक म्हणजे धाकट्या भावाचे शिक्षण.

पण हा हिशेब कागदावरचा आहे. स्वाधारचे पैसे आणि शिष्यवृत्ती उशिरा येतात, कधी वर्ष उलटल्यावर येतात. त्यामुळे 'फुकट' शिक्षणालाही पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हातात लागतात. हे आधी सांगितले नाही, की मुले दिवाळीत गावी येतात ती परत जात नाहीत. 'शिष्यवृत्ती आहे' असे सांगणाऱ्या संस्थेला विचारावे : शुल्क आधी भरायचे आणि नंतर परत मिळणार, की प्रवेशाच्या वेळीच माफ? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला तो याच मुद्द्यावर होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची सवलत संस्थेने काढून घेतली होती आणि त्यांच्याकडे शुल्क मागितले जात होते. मुंबईपासून तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीपर्यंत विद्यार्थी रस्त्यावर आले. ज्या संस्थेत वंचितांविषयी सर्वांत जास्त बोलले जाते तिथेही हे झाले, म्हणून नाव मोठे असले तरी शुल्काचा कागद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खासगी संस्थांबाबत आणखी एक पाहावे. तो अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे का आणि प्रवेश कोणत्या कोट्यातून होतो आहे? व्यवस्थापन कोट्यातून झालेल्या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. फोनवरून मिळालेला प्रवेश बहुधा त्याच कोट्यातला असतो.

सात दिवसांच्या अटीचे काय? इथे आयोगाचा एक नियम आपल्या बाजूने आहे आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत करावे लागते (प्रक्रियेचा किरकोळ खर्च वजा जाता). पंधरा दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, त्यापुढे तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि नंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणून प्रवेशाची अधिकृत अंतिम तारीख लेखी मागून घ्यावी आणि पावती जपावी. मूळ टी.सी. आणि गुणपत्रिका फक्त पडताळणीसाठी दाखवाव्यात. सरकारी यादी उशिरा लागते म्हणून अनेक मुले घाबरून खासगी जागा पक्की करतात आणि नंतर पैसे बुडाले असे समजून तिथेच राहतात. पैसे बुडालेले नसतात. मागावे लागतात.

आणि खासगी अभ्यासक्रमाला खरोखरच आरसीआयची मान्यता असेल तर? मग निर्णय अवघड आहे. काही वर्षांपूर्वी सल्ला सरळ होता. आधी सरकारी विभागात स्वस्तात एम.ए. करा, मग बंगळुरूचे निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था अशा ठिकाणी एम.फिल.ची प्रवेश परीक्षा द्या. तिथे केंद्राच्या नियमाप्रमाणे १५ टक्के आरक्षण, पात्रतेच्या गुणांत सवलत, कमी शुल्क आणि वर विद्यावेतन. गरीब घरातल्या हुशार मुलासाठी यापेक्षा चांगली वाट नव्हती. एम.फिल.ची मुदत संपत आल्याने तो सल्ला आज डोळे झाकून देता येत नाही. पुढच्या सत्रात या सरकारी संस्थांनी कोणत्या नावाचा अभ्यासक्रम जाहीर केला आहे, त्याला एम.ए.नंतर प्रवेश आहे की बी.ए.नंतर, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे लागेल. माझे मत विचाराल, तर सहा लाखांच्या कर्जावर मान्यताप्राप्त जागा घेण्यापेक्षा सरकारी विभागातले एम.ए. करून समुपदेशक म्हणून उभे राहणे आणि सरकारी क्लिनिकल जागेसाठी एक-दोन वर्षे प्रयत्न करणे बरे. शुल्कात लेखी सूट मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

सरकारी विभाग म्हणजे दुय्यम, हा समजही काढून टाकावा. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग जुने आहेत. तिथे उणीव असते ती प्रात्यक्षिकाची. एका विद्यार्थ्याला दोन वर्षांत किती प्रत्यक्ष व्यक्तींसोबत काम करायला मिळते, त्यावर कोण देखरेख करते आणि तासांची नोंद ठेवली जाते का, हे सध्या तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारा. प्राध्यापक वेगळे सांगतील, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी खरे सांगेल. त्याच वेळी विभागात आपली मुले किती आहेत आणि ती टिकतात का, हेही विचारून घ्या.

त्या खुर्चीत कोण बसणार

हा प्रश्न केवळ करिअरचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी, १२ फेब्रुवारी २०२३ ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी. प्रत्येक मृत्यूनंतर चौकशी समिती, निवेदने, मेणबत्त्या. आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न मागे राहतो. ही मुले समुपदेशन केंद्रात गेली असती, तर समोरच्या व्यक्तीला त्यांचे दुःख कळले असते का? 'तुझी रँक किती होती' या प्रश्नामागे काय असते, हे ज्याला कधी सोसावे लागले नाही, त्याला ते पाठ्यपुस्तकातून कळणे कठीण. मानसशास्त्राच्या आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत चिंता, नैराश्य, व्यक्तिमत्त्वाचे विकार यांवर प्रकरणामागून प्रकरणे असतात, जातीवर एखादा परिच्छेद. मग विद्यार्थी म्हणतो मला वेगळे बसवतात आणि समुपदेशक म्हणतो तू जास्त विचार करतोस.

निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत असे आढळले होते. आपल्या वस्त्यांत ही दरी रोज दिसते. दारूच्या व्यसनाने घर मोडते, बाळंतपणानंतर सून बोलेनाशी होते, तेव्हा पहिली धाव भगताकडे किंवा दर्ग्यावर जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते, ते झाकून काही मिळणार नाही. विहारात आठवड्यातून एक दिवस बसणारा, आपल्या बोलीत बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक असेल तर चित्र बदलेल. सतिपट्ठानातून घेतलेल्या सरावावर 'माइंडफुलनेस' नावाने जगभर उपचारपद्धती उभ्या राहिल्या, अमेरिकेत १९७९ पासून जॉन कबात-झिन यांनी ते काम रुग्णालयात आणले. आपल्याकडे मात्र धम्म जगणाऱ्या समाजातील मुले त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच शुल्काच्या खिडकीवर अडकतात.

म्हणून अर्जातील 'उद्देश' किंवा मुलाखतीतला 'हा विषय का?' हा प्रश्न आपल्या मुलांनी हलक्यात घेऊ नये. इंटरनेटवरून उचललेली 'मला लहानपणापासून मानवी मनाचे कुतूहल आहे' अशी वाक्ये परीक्षक दिवसाला पन्नास वाचतात. वस्तीत अभ्यासिका चालवली असेल, कोविडच्या काळात धान्यवाटप केले असेल, वसतिगृहात मित्राला सांभाळले असेल तर ते लिहा. किती दिवस, किती मुले, काय चुकले, काय शिकलात. आपली पार्श्वभूमी लपवण्याचे कारण नाही, आणि दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचेही नाही. केलेले काम सांगितले की पुरे.

परदेशाचा मोह आणि अटी

काही मुले परदेशाचा विचार करतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत मानसशास्त्राच्या पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी शुल्कमाफी व विद्यावेतन असते, पण प्रवेश मार्गदर्शक प्राध्यापकाच्या पसंतीवर अवलंबून असतो. २०२५ च्या सुरुवातीला संशोधन निधी कापला गेल्याने तिथल्या अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. तिथे एक चांगली प्रथा आहे. निधीसह प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यावर १५ एप्रिलपूर्वी निर्णयाची सक्ती करायची नाही, असा ठराव बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केला आहे. सात दिवसांत पंचवीस हजार मागणाऱ्यांनी तो वाचावा.

इंग्लंडमधले एक वर्षाचे एम.एस्सी. वेगळे. ते महाग, सहसा विनाशिष्यवृत्ती, आणि परत आल्यावर त्यावर आरसीआयची नोंदणी मिळेल असे गृहीत धरू नये. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ७५. पण केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे जातीचा मनावर होणारा परिणाम हा विषय घेऊन परदेशी जाऊ पाहणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्याने त्या वर्षीची अट आधी तपासावी, मगच विषय लिहावा. २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे सांगण्यात आले. निवड झाली म्हणून नोकरीचा राजीनामा देऊ नये, हे त्यावरून कळते.

बाबासाहेबांना हे सारे सोसावे लागले होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीसोबत दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला. १९१७ मध्ये मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून आधी घेऊन ठेवली, सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठवले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. आपण त्यांच्या पदव्यांची यादी भिंतीवर लावतो, पण त्यांनी त्यासाठी घातलेला पैशाचा आणि तारखांचा मेळ मुलांना सांगत नाही.

संघटनांनी काय मागायचे

मुलांनी शहाणपणाने प्रवेश घ्यावेत एवढ्यावर भागणार नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. रुग्ण आहेत, इमारती आहेत. तिथे आरसीआयमान्य क्लिनिकल अभ्यासक्रम आरक्षणासह आणि विद्यावेतनासह पुरेशा जागांचा चालावा, ही मागणी आपल्या संघटनांनी आरोग्यमंत्र्यांकडे आणि आमदारांकडे का नेऊ नये? दूरशिक्षण बंद केल्यावर नोकरदारांसाठी शनिवार-रविवारचे नियमित वर्ग आणि जिल्हा रुग्णालयातली प्रात्यक्षिके, असा मार्ग राज्य विद्यापीठांना काढता येईल. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक नेमायचा तर ते पद कंत्राटी असेल की कायम, आणि त्याला बिंदुनामावली लागू होईल का, हा प्रश्न तर आजच विचारायला हवा. पदे भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि एक काम या आठवड्यात करण्यासारखे. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरले जातात. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण केंद्राच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात मूळ जात, असेच प्रमाणपत्र चालते. जी ओळख आपल्या आजोबांनी दीक्षाभूमीवर टाकून दिली ती कागदावर पुन्हा लिहिताना हात अडखळतो, हे खरे. तरी ते लिहावेच लागते. दरवर्षी आपली काही मुले चुकीच्या नमुन्यामुळे खुल्या गटात ढकलली जातात. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून प्रमाणपत्र यायला अनेक आठवडे लागू शकतात. विहाराच्या फलकावर ही सूचना आजच लावा, आणि ज्यांच्या घरात कोणी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे त्यांच्यासोबत सेतू केंद्रात जाणारा एक कार्यकर्ता नेमा.